मोझेलकाठची एकाच मळ्यातील वाइन: लहान उत्पादकाकडे चव घेणे आणि खरेदी

कोब्लेंझवासी (धागाकर्ता)

जर्मनीत राहणाऱ्या किंवा कामानिमित्त येथे येणाऱ्या मराठी मंडळींकडून मला वारंवार विचारणा होते, की मोझेल नदीच्या काठी एखाद्या लहान उत्पादकाकडे जाऊन वाइनची चव घ्यायची आणि चार बाटल्या विकत घ्यायच्या, तर नेमके काय विचारावे, आणि बाटलीवर छापलेल्या मळ्याच्या नावाला किती महत्त्व द्यावे. याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मळ्याच्या नावाला अर्थ नक्कीच आहे, परंतु दुकानातील फळीवर उभ्या असलेल्या एकट्या बाटलीतून तो कळत नाही. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या आणि एकाच दर्जाच्या, पण दोन निरनिराळ्या मळ्यांतील वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, तरच त्या नावामागे काय दडले आहे याचा अंदाज येतो. ही सोय मोठ्या दुकानात क्वचितच मिळते. चार-पाच हेक्टर जमीन कसणाऱ्या, स्वतःच छाटणी करणाऱ्या आणि स्वतःच्याच तळघरात वाइन मुरवणाऱ्या कुटुंबाकडे मात्र ती सहज मिळते, कारण त्याची जमीन बहुधा दोन-तीन गावांच्या उतारांवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते आणि प्रत्येक तुकड्याचा रस त्याने वेगळा ठेवलेला असतो.

भूगोल थोडक्यात असा. मोझेल फ्रान्समध्ये उगम पावते, त्रिअरवरून वळणे घेत घेत कोब्लेंझला ऱ्हाइन नदीला मिळते. येथे निम्म्याहून अधिक लागवड रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची आहे. नदीची वळणे इतकी तीव्र आहेत, की एका गावासमोरचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो, तर पुढच्या वळणावर तोच काठ उत्तराभिमुख होतो. एवढ्या उत्तरेकडील प्रदेशात रीसलिंग नीट पिकायचे, तर दक्षिणेचे किंवा नैर्ऋत्येचे ऊन, दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारा स्लेटचा खडक आणि खाली नदीचे पाणी, हे सारे जुळून यावे लागते. ते जेथे जुळते त्या उतारांना शतकानुशतके स्वतंत्र नावे आहेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण. व्हेलेन गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, ‘व्हेलेनर झोनेनऊर’ हा मळा आहे. १८४२ मध्ये योडोकुस प्र्युम यांनी तेथील खडकावर सूर्यघड्याळ बांधले आणि त्यावरून मळ्याला हे नाव पडले. जमीन निळसर-करड्या, डेव्होनियन या प्राचीन भूयुगातील स्लेटची आहे. तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले, की युर्त्सिग गाव लागते. त्याच्या ‘व्युर्त्सगार्टन’ मळ्यात माती एकदम तांबडी होते. तेथे लोहयुक्त तांबडा खडक आहे आणि त्यात ज्वालामुखीजन्य खडकाचाही भाग आहे. अंतर थोडेसे, द्राक्षाची जात तीच, नदी तीच. तरीही एका लहान उत्पादकाच्या घरच्या टेबलावर या दोन्ही परिसरांतील काबिनेट (हा वाइनचा एक दर्जा, खुलासा पुढे) एकाच वर्षाच्या शेजारी ठेवल्या, तेव्हा निळ्या स्लेटवरची वाइन सरळ, सडपातळ, पांढऱ्या पीचची आठवण करून देणारी लागली, तर तांबड्या मातीतली अधिक भरदार आणि मसालेदार वाटली. हे माझ्या जिभेचे मत आहे, तो काही नियम नव्हे.

दर्जाविषयीही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण नवख्याचा गोंधळ तेथेच होतो. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही नावे वाइन किती गोड आहे हे सांगत नाहीत. तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती, हे ती सांगतात. ती सगळी साखर आंबवून टाकली, तर श्पेटलेझेसुद्धा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, होऊ शकते. अशा बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलेले असते, आणि त्याचा अर्थ शिल्लक साखर लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम. ‘फाइनहेर्ब’ म्हणजे अधलेमधले, पण त्याची कायद्याने ठरलेली मर्यादा नाही. परंपरागत गोडसर काबिनेटमध्ये मद्यार्क बहुधा ८ ते ९ टक्क्यांच्या आसपासच असतो आणि आम्लता इतकी ठसठशीत असते, की साखर जिभेवर रेंगाळत नाही. म्हणूनच दोन मळ्यांची तुलना करताना एक ट्रोकन आणि दुसरी गोड अशी जोडी घेऊ नये. त्यातून मळ्यांमधला नव्हे, साखरेतला फरक कळतो.

इतरांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत. विशेषतः द्राक्षशेती करणाऱ्या सदस्यांचे म्हणणे वाचायला आवडेल.

निफाडचा_बागायतदार

धागा आवडला. मी वाइनचा जाणकार नाही, पण आमच्या घरी दोन पिढ्या द्राक्षबाग आहे आणि त्यातील काही एकरांवर एका कंपनीसाठी शेनिन ब्लांक हे वाइनचे पांढरे द्राक्ष आहे. आमच्याकडचा हिशेब निराळा असतो. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. आमची वेल झोपतच नाही, तुमच्याकडची हिवाळाभर झोपते. त्यामुळे तुमच्या उताराचे आणि उन्हाच्या दिशेचे महत्त्व आम्हाला उलट्या बाजूने समजते. आम्हाला ऊन मिळवायचे नसते, घड भाजू नयेत म्हणून पानांची सावली राखायची असते.

माझा प्रश्न असा. कंपनीच्या काट्यावर माझा माल जातो तेव्हा ब्रिक्स, म्हणजे रसातील साखर, मोजले जाते, आम्लता पाहिली जाते आणि मग तो इतर शेतकऱ्यांच्या मालात मिसळला जातो. माझ्या मुरमाड तुकड्याचा रस वेगळा राहतच नाही. तुमच्याकडचा लहान उत्पादक प्रत्येक तुकड्याचा रस वेगळा ठेवतो म्हणता, ते त्याला परवडते कसे? आणि बाटलीवर मळ्याचे नाव आहे म्हणजे आत शंभर टक्के त्याच मळ्याचा माल आहे, असे समजायचे का?

कोब्लेंझवासी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते बहुतेक खरेदीदारांना माहीत नसते. जर्मनीच्या नियमांनुसार मळ्याचे नाव छापायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या मळ्यातील असली पाहिजेत. उरलेले १५ टक्के दुसरीकडचे चालतात. वर्षाला आणि द्राक्षाच्या जातीलाही हाच ८५ टक्क्यांचा निकष आहे. चांगला लहान उत्पादक ही सवलत सहसा वापरत नाही, परंतु कायदा त्याला ती देतो. म्हणून तळघरात उभे राहून ‘यात फक्त याच उतारावरचा माल आहे का?’ असे थेट विचारावे. त्यात त्याला राग येण्यासारखे काही नाही, आणि बरेच जण तर अभिमानाने कोणत्या ओळींपासून कोणत्या ओळींपर्यंतचा माल आहे तेही सांगतात.

परवडण्याविषयी सांगायचे तर येथे ‘फुडर’ नावाचे सुमारे हजार लिटरचे लाकडी पिंप परंपरेने वापरले जाते. अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्याचा रस अशा एका पिंपात मावतो. म्हणजे वेगळे ठेवण्याचे एकक मुळातच लहान आहे. खर्च मात्र तळघरात नसून उतारावर आहे. ३० टक्क्यांहून अधिक चढ असला की त्याला तीव्र उताराची बाग म्हणतात आणि तेथे नेहमीचा ट्रॅक्टर सहसा चालत नाही. ब्रेम गावाजवळच्या ‘काल्मोंट’ मळ्यात तर काही ठिकाणी चढ ६० अंशांपुढे जातो. माल आणि माणसे वर-खाली नेण्यासाठी एका रुळावर चालणारी छोटी गाडी बसवलेली असते. जुन्या बागांत तारा नसतात, प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधलेली असते आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात खाली आणलेल्या असतात. अशा बागेत उताराच्या कोणत्याही दिशेने चालता येते, हा त्यातला व्यवहारी फायदा. सपाट जमिनीवर यंत्राने जे काम काही तासांत होते त्याला येथे कित्येक पट मनुष्यबळ लागते, आणि म्हणूनच नव्या पिढीने सोडून दिलेले, झुडपे माजलेले उतारही नदीकाठी ठिकठिकाणी दिसतात.

चिकित्सक

धागाकर्त्यांच्या लेखनाबद्दल आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. ‘स्लेटची चव’ हा शब्दप्रयोग वाइनच्या जाहिरातींत इतका रुळला आहे, की खडक विरघळून पेल्यात उतरतो असेच लोकांना वाटू लागले आहे. वनस्पतीची मुळे विरघळलेले क्षार आयनांच्या रूपात शोषतात. त्यांतला अगदी अल्प भाग रसात येतो आणि तो जिभेला ओळखता येईल इतका नसतो. शिवाय खडकाला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. आंबवण्यासाठी कोणते यीस्ट वापरले, टाकी पोलादी की पिंप लाकडी, गंधकाचे प्रमाण किती, तोडणी केव्हा केली, या गोष्टींचा परिणाम कितीतरी मोठा असतो. तांबड्या मातीची वाइन ‘मसालेदार’ लागते याचे एक कारण असेही असू शकते, की तिच्या मळ्याच्या ‘व्युर्त्सगार्टन’ या नावाचा अर्थच मसाल्यांची बाग असा आहे आणि चाखणाऱ्याने ते नाव आधी वाचलेले असते.

तेव्हा मळ्याच्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजणे म्हणजे गोष्टीला पैसे मोजणे, असे माझे मत आहे.

वेधा_त्रिअर

चिकित्सक यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, शेवटच्या वाक्याशी नाही. खडक पेल्यात उतरत नाही हे खरे. परंतु तोच खडक पाणी किती धरतो, किती तापतो, मुळांना किती खोल जाऊ देतो, यावर द्राक्ष कोणत्या तारखेला पिकेल आणि तेव्हा त्यात आम्ल किती शिल्लक असेल हे ठरते. चवीतला फरक तेथून येतो. मळा म्हणजे केवळ माती नव्हे. त्यात उतार, दिशा, नदीपासूनची उंची, वेलींचे वय हे सगळे आले. स्लेटच्या जमिनीत वेलीची मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीला फारसे बस्तान बसवता आले नाही, त्यामुळे येथे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली अजूनही आहेत. त्यांचे घड लहान आणि मणी बारीक असतात.

मला वाटते, खरेदीदाराने ज्याची जास्त धास्ती घ्यावी ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे १९७१ चा जर्मन वाइन कायदा. त्याआधी देशभरात मळ्यांची पंचवीस हजारांहून अधिक नावे प्रचलित होती. कायद्याने ती एकत्र करून सुमारे २,६०० वर आणली आणि एका मळ्याचा किमान आकार सर्वसाधारणपणे ५ हेक्टर, म्हणजे बारा एकरांहून थोडा अधिक, ठरवला. प्रसिद्ध नावाच्या हद्दी फुगवण्यात आल्या आणि शेजारचे साधे तुकडे त्यात घातले गेले. धाग्यात उल्लेखलेल्या व्युर्त्सगार्टनमध्येच उर्लाय, उर्ग्ल्युक, क्रांकलाय अशी जुनी नावे सामावली आहेत. काही लहान उत्पादक ती नावे आजही टिकवून आहेत, आणि अलीकडे अशी जुनी नावे अधिकृतपणे नोंदवून लेबलवर घेण्याची सोयही झाली आहे. अपवादही आहेत. बेर्नकास्टलचा ‘डॉक्टर’ मळा जेमतेम सव्वातीन हेक्टरांचा. त्याच्या हद्दीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पण तो लहानच राहिला. एर्डेनचा ‘प्रेलाट’ तर त्याहूनही लहान.

याच कायद्याने आणखी एक घोळ घातला. ‘ग्रोसलागे’ म्हणजे अनेक मळ्यांचा मोठा समूह, पण त्याचे नाव लेबलवर एका मळ्याच्या नावासारखेच दिसते. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन’ हा एकच मळा आहे, पीसपोर्ट गावामागचा भव्य उतार. ‘पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग’ हा मात्र समूह आहे. त्यात आसपासच्या अनेक गावांची पुष्कळशी सपाट जमीन येते आणि बाटलीत रीसलिंग असेलच असेही नाही, म्युलर-थुर्गाऊ ही दुसरी जातही असू शकते. दोन्ही लेबले समोर ठेवली तर अनभिज्ञ माणसाला फरक करता येणार नाही, आणि स्वस्त बाटली घेऊन तो ‘मोझेलची एका मळ्यातील वाइन पाणचट असते’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. २०२१ मधील नव्या नियमांनी हे बदलायला घेतले आहे, पण जुन्या लेबलांच्या बाटल्या बाजारात बराच काळ राहतील.

तेव्हा नाव वाचण्याचा क्रम असा असावा: आधी उत्पादक, मग वर्ष, मग मळा. चिकित्सक यांना जे गोष्टीचे पैसे वाटतात ते मी उत्पादकाच्या पायपिटीचे समजते.

निफाडचा_बागायतदार

वेधाताई, पाण्याचा मुद्दा अगदी पटला. आमच्याकडे काळ्या जमिनीतली बाग आणि मुरमाड माळावरची बाग यांत फरक पाण्याचाच. काळ्या जमिनीत वेल नुसती पाने काढत राहते, मणी फुगतो आणि रस पातळ होतो. मुरमाड जागेत ठिबकने पाणी मोजून देता येते आणि गोडी लवकर भरते. कोणत्याही बागायतदाराला डोळे बांधून घड चाखायला दिला, तर तो कोणत्या जमिनीतला आहे हे बहुधा सांगेल. वाइनमध्ये ते किती टिकते, हे मी सांगू शकत नाही.

एक जास्तीची चौकशी. पावसाच्या वर्षी तुमच्याकडे डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग किती त्रास देतात? फवारणीसाठी इतक्या उतारावर माणूस चढतो तरी कसा?

वेधा_त्रिअर

दोन्ही रोग येथेही आहेत. २०२१ चा उन्हाळा थंड आणि पावसाळी होता आणि डाऊनीने अनेकांचे पीक बुडवले. ज्यांचे वाचले त्यांच्या त्या वर्षीच्या वाइन मात्र तीक्ष्ण आम्लाच्या, जुन्या वळणाच्या झाल्या, आणि माझ्यासारख्या काहींना त्या फार आवडतात. २०२२ मध्ये त्याच्या उलट, कडक दुष्काळ. तरण्या वेलींना पाणी पुरले नाही आणि खोल मुळांच्या जुन्या बागा तगल्या. २०२४ च्या एप्रिलच्या अखेरीस पारा शून्याखाली गेला आणि कोवळे फुटवे जळाले. सार आणि रूवर या उपनद्यांच्या खोऱ्यांत नुकसान फार झाले. फवारणी पूर्वी लांब नळ्या ओढत माणसे करीत. आता बऱ्याच गावांत हेलिकॉप्टरने सामुदायिक फवारणी होते आणि काही ठिकाणी ड्रोनही आले आहेत.

यातून खरेदीदाराने घ्यायचे ते एवढेच, की ‘चांगले वर्ष’ सर्व मळ्यांना सारखेच चांगले नसते. उष्ण वर्षी सर्वांत प्रसिद्ध, तापणाऱ्या उतारावरची वाइन जड होऊ शकते आणि बाजूच्या दरीतला, एरवी दुय्यम समजला जाणारा, गार मळा त्या वर्षी बाजी मारतो. लहान उत्पादकाला हे पक्के ठाऊक असते. ‘या वर्षी तुम्ही स्वतः कोणती प्याल?’ हा प्रश्न मी नेहमी विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा यादीतली सर्वांत महाग बाटली नसते.

प्रवासी_कोथरूड

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझ्यासारख्या, दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाने नेमके काय करावे? जर्मन भाषा येत नाही, गाडी भाड्याने घ्यायची की नाही ते ठरत नाही, आणि चव घेऊन काहीच विकत घेतले नाही तर वाईट दिसते का, हेही कळत नाही. पुण्याला किती बाटल्या नेता येतात? किमती साधारण काय असतात?

कोब्लेंझवासी

प्रवासी, तुमच्या प्रश्नांना जमेल तसे उत्तर देतो.

लहान उत्पादकाकडे न कळवता जाऊ नये. तो बागेत असतो, किंवा पंपाची दुरुस्ती करीत असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीच्या दिवसांत त्याला बोलायला फुरसत नसते. दोन दिवस आधी साध्या इंग्रजीत इमेल पाठवावा आणि त्यात किती माणसे येणार, कोरडी वाइन आवडते की गोडसर, आणि दोन मळ्यांची तुलना करायची इच्छा आहे, एवढे लिहावे. हे शेवटचे वाक्य फार उपयोगी पडते. कारण मग तो नेहमीची सहा बाटल्यांची फेरी न करता आत जाऊन नेमकी जोडी काढून आणतो. पुष्कळ घरांत आजही चव घेण्याचे पैसे घेत नाहीत, आणि अशा ठिकाणी आठ-दहा वाइन चाखून रिकाम्या हाताने निघणे खरोखर बरे दिसत नाही. दोन-तीन बाटल्या घेतल्या तरी पुरे. जेथे शुल्क घेतात तेथे हे ओझे नसते.

गाडी चालवणाऱ्याने चाखलेली वाइन बादलीत थुंकावी. तेथे ते असभ्य मानले जात नाही, उलट तुम्ही गांभीर्याने चाखत आहात असे समजतात. जर्मनीत रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. याहून सोपे म्हणजे रेल्वेने विटलिखपर्यंत येऊन पुढे बेर्नकास्टलची बस धरणे. नदीकाठची सायकलवाटही उत्तम आणि सपाट आहे. उन्हाळ्यात दारावर केरसुणी किंवा पानांचे तोरण लावलेले घर दिसले, तर ती ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ असते. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने उत्पादकाला स्वतःची वाइन आणि साधे खाणे आपल्याच अंगणात विकण्याची मुभा असते. भेट ठरवता आली नाही, तर हा चांगला पर्याय.

चाखण्याचा क्रम कोरडीकडून गोडाकडे, आणि त्यात काबिनेटकडून आउसलेझेकडे. नैसर्गिक यीस्टने आंबवलेल्या ताज्या वाइनला कधीकधी पेटवून विझवलेल्या काडीसारखा वास येतो. त्यामुळे ती बाद करू नये, पेल्यात दहा मिनिटे राहू द्यावी. तळाशी दिसणारे काचेसारखे खडे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे असतात आणि ते निरुपद्रवी आहेत.

किमतींबाबत ढोबळच सांगता येईल. लहान आणि फारशा नाव नसलेल्या उत्पादकाकडे मळ्याचे नाव असलेली काबिनेट साधारणपणे १० ते २० युरोंच्या दरम्यान मिळते, श्पेटलेझे त्याहून थोडी वर. उत्कृष्ट मळ्याची कोरडी वाइन, जिच्यावर ‘ग्रोसेस गेवेक्स’ असे लिहिलेले असते, ३० युरो आणि त्यापुढे जाते. झाकणावरचा गरुड ‘फाउ-डे-पे’ या जुन्या उत्पादक संघटनेच्या सदस्यांचा असतो. गरुड नाही म्हणून कमीपणा मानू नये. चार हेक्टर कसणारी कित्येक चांगली कुटुंबे त्या संघटनेत नाहीत, आणि खरे सौदे तेथेच मिळतात.

भारतात प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या आणि एक अर्धी बाटली असा हिशेब बसतो. तिसरी पूर्ण बाटली मर्यादेबाहेर जाते. गोड आउसलेझे बऱ्याच ठिकाणी ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत मिळते, ती या जागेसाठी अगदी योग्य. पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवू नये. वेगळी सोय नसेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत संपवावी.

अनुराधा_म्युनिक

खाण्याचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून थोडेसे. कोरडी वाइन आपल्या तिखट रश्शासोबत बहुधा कडू आणि जळजळीत लागते. गोडसर, कमी मद्यार्काची काबिनेट मात्र तिखटाला शांत करते. आमच्याकडे कोळंबीचे सुके आणि भरली वांगी या दोन्हींबरोबर ती चालली. पुरणपोळीबरोबर नको, तेथे वाइन पार आंबट होते.

चिकित्सक

वेधा यांच्या उत्तराने माझा मुद्दा अर्धा निकालात निघाला हे मान्य करतो. ‘मळा म्हणजे माती’ असे न म्हणता ‘मळा म्हणजे पिकण्याची परिस्थिती’ असे म्हटले, तर मला हरकत नाही. तरीही फरक पेल्यात खरोखर ओळखू येतो का, हे पाहण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे. एका उत्पादकाच्या दोन मळ्यांच्या, एकाच वर्षाच्या दोन काबिनेट घ्याव्यात, दुसऱ्या कोणीतरी त्या कागदात गुंडाळाव्यात आणि तीन पेले भरावेत, दोनमध्ये एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा बरोबर येईल, म्हणून ते बऱ्याच जणांकडून आणि अनेक वेळा करून घ्यावे. पुढच्या महिन्यात आमच्या गटात हे करणार आहे.

त्यासाठी एक शंका. मी मागवू पाहत असलेल्या यादीत एकाच मळ्याची, एकाच वर्षाची, एकाच दर्जाची श्पेटलेझे दोन ओळींत, दोन निरनिराळ्या किमतींना दिली आहे. ही छपाईची चूक समजायची का?

वेधा_त्रिअर

चूक नसावी. मागच्या लेबलवर ‘ए. पी.’ या अक्षरांनंतर एक लांब क्रमांक असतो, तो पाहा. प्रत्येक दर्जेदार जर्मन वाइनला सरकारी चाचणीनंतर हा क्रमांक मिळतो. शेवटचे दोन अंक चाचणीच्या वर्षाचे असतात आणि त्यांच्या लगेच आधीचा अंक उत्पादकाने त्या वर्षी चाचणीला पाठवलेल्या वाइनचा अनुक्रम सांगतो. त्यामुळे एकाच मळ्यातले दोन फुडर त्याने वेगवेगळे भरले असतील, तर बाकीचे लेबल हुबेहूब सारखे राहून फक्त तो अंक बदलतो. बहुधा महाग ओळ जुन्या वेलींच्या किंवा उशिरा तोडलेल्या तुकड्याची असते. काही उत्पादक आपला सर्वोत्तम फुडर असा वेगळा काढून त्रिअरच्या सप्टेंबरमधील लिलावातही पाठवतात.

तुमच्या तीन पेल्यांच्या प्रयोगात मळ्यांची तुलना करायची असेल, तर या दोन ओळींतली कोणतीही एक आणि दुसऱ्या मळ्याची श्पेटलेझे घ्या, आणि मागवण्याआधी उत्पादकाला विचारून दोन्हींची शिल्लक साखर व आम्लता लिहून मागवा. बहुतेक जण किंमतपत्रकातच ते आकडे देतात. साखरेत लिटरमागे दहा ग्रॅमचा फरक असेल, तर ती जोडी या कामाला घेऊ नका.